खाली आलेलं घर

ज्यांचा हात सध्या नुसता ‘भरून आलाय’, त्यांनी हे आधी वाचावं. ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांनीही वाचावं, पण वाचता वाचता एकदा आपल्या घरात नजर फिरवावी. मी ती फार उशिरा फिरवली.

मी सुनंदा. माहेर वर्ध्याकडच्या एका खेड्यातलं. लग्नानंतर यांना पुण्यात कारखान्यात फिटरची नोकरी लागली, आम्ही वारज्याला आलो आणि इथलेच झालो. ‘यांना’ म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी त्यांचं नाव घेत नाही, उखाण्यासाठी राखून ठेवलंय. मुलगी नोकरीच्या गावी असते, त्यामुळे आता घरात आम्ही दोघंच.

वारज्यातल्या एका भाड्याच्या गाळ्यात मी लांब पोळी करते. पुणेकरांना हे समजावून सांगावं लागतं. कणीक इतकी सैल की हातातून ओघळावी. ती आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळायची. मग गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि हात खांद्यांच्या वर नेऊन, या हातावरून त्या हातावर झुलवत, कोपरापर्यंत लांबवायचा. रुमालासारखी पातळ झाली की शेगडीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर टाकायची. पोळपाट नाही, लाटणं नाही. शनिवार-रविवारी आमच्या विदर्भाकडची पोरंपोरी पार हिंजवडीहून येतात, मोठमोठ्याने बोलत बसतात आणि पहिल्या घासाला गप्प होतात. त्या गप्प होण्यासाठी मी तिथे उभी असते. तेवढं एक माझं स्वतःचं आहे.

भरून आलाय

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं यायलाही मुंगीच्याच पावलांनी आलं, म्हणून कळलं नाही. डावा खांदा सकाळी जड वाटायचा. मग ब्लाउजचं मागचं हूक लागेना, तेव्हा मी पुढे हूक असलेले ब्लाउज शिवून घेतले. मग वेणी घालताना हात मागे जाईना, तेव्हा केस कापून आखूड केले. “छान दिसतंय हो, वय कमी झालं,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. मीही खूश झाले. म्हणजे दुखण्याने एकेक वस्तू मागितली आणि मी ती भांडण न करता देत गेले.

“हात काऊन असा धरून राहिली?” हे विचारायचे.

“काही नाही, भरून आलाय.”

तिळाचं तेल झालं, शेक झाला, वाताच्या गोळ्या झाल्या. मग कुणीतरी सांगितलं की कात्रजला एक गृहस्थ हात ओढून मोकळा करून देतात. त्यांनी ओढला. घरी येताना रिक्षात माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता, नुसतं पाणी गळत होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, “दोन्ही हात वर करा.” मी केले. म्हणजे मला वाटलं, केले. समोर आरसा होता. उजवा हात कानाला लागला होता. डावा खांदा गळ्यापर्यंत उचलला गेला होता, पाठ वाकडी झाली होती, आणि हात होता तिथेच, छातीसमोर. आपलं शरीर आपल्याशी किती दिवस खोटं बोलत होतं ते मी त्या आरशात पाहिलं.

“साखर आहे?” डॉक्टरांनी विचारलं. आहे, गोळी चालू आहे. “घरात कुणाला असा त्रास होता? आईला, बहिणीला?”

“नाही,” मी ठामपणे सांगितलं. “आमच्याकडे कुणाला नाही.”

हे उत्तर लक्षात ठेवा.

फोटोतला हात

गोळ्या, इंजेक्शन, व्यायाम, सगळं करून खांदा हलला नाही, तेव्हा ऑपरेशन ठरलं. दुर्बिणीतून करायचं, फार मोठं नाही, असं सगळेच सांगत होते. डॉक्टर मात्र एक वाक्य जास्त बोलले, आणि ते बोलताना हसले नाहीत. “सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, ते मी सोडवून देतो. पण बाई, शरीर ते पुन्हा बांधायला घेतं. तुम्ही हात वर नेत राहिलात तर तुमचा, नाहीतर त्याचा.”

मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पोटावर कुणाचा तरी हात पडला होता. गरम, जड. मी उजव्या हाताने तो बाजूला केला आणि मग त्या मनगटावर माझ्याच बांगडीचा वळ दिसला. ऑपरेशनआधी बांगड्या काढल्या होत्या, वर्षानुवर्षं पडलेला वळ तेवढा राहिला होता. इंजेक्शनने हात बधिर केलेला असतो हे आधी सांगितलं होतं, तरी तो माझाच आहे हे पटेना. डॉक्टरांनी तो हात मनगटाला धरला आणि अलगद वर नेला. छातीवरून, तोंडासमोरून, थेट कानाला लावला. “बघा. इतका जातो. विसरू नका.”

माझा हात वर गेलेला मी पाहिला. मला तो जाणवला मात्र नाही. यांनी मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो मी नंतर इतक्यांदा बघितला की त्यातली बाई मला परकी वाटायला लागली.

हॉस्पिटलमधल्या दिवसांचं एवढंच सांगते की तिथे भीती वाटायला वेळ मिळत नाही. कुणीतरी सतत काहीतरी मोजायला, टोचायला, पुसायला येत असतं. एका नर्सने मात्र, मी काही म्हटलेलं नसताना, खिशातून कंगवा काढून माझे आखूड केस विंचरले आणि क्लिप लावून दिली. त्या बाईचं भलं होवो.

बधिरपणा उतरला आणि दुखायला लागलं, तेव्हाच केतकी आली. ही आमची फिजिओथेरपिस्ट, वयाने लहान, जातिवंत पुणेकर. मी डोळे मिटून पडले होते.

“काकू, झोपायचंच होतं तर घरी पलंग होता ना?”

“दुखतंय गं फार.”

“दुखणारच. हात तुमचा आहे, माझा नाही. मी पाच वाजता घरी जाईन, हा तुमच्याबरोबर राहणारे.”

त्या क्षणी मला ती मुळीच आवडली नाही.

सुख

घरी आले आणि दारातच थबकले. यांनी अख्खं घर माझ्यासाठी बदललं होतं.

आमचा फिटर माणूस. वाईट वाटलं की दुसरे लोक रडतात, हे पाना हातात घेतात. मी हॉस्पिटलात होते तेवढ्यात स्वयंपाकघरातली मीठ-मसाल्याची फळी काढून ओट्याच्या अगदी लगत लावली होती. डाळी-तांदळाचे डबे ओट्याखाली. भिंतीवरचं देवघर छोट्या टेबलावर. न्हाणीघरातला आरसा खाली, टॉवेलची खुंटी खाली, कपडे वाळत घालायच्या दांड्या माझ्या कमरेपर्यंत खाली. “आता तुले कशालेच हात उचला लागत नाही,” हे म्हणाले. दाढीचे खुंट वाढले होते, डोळे लाल झाले होते. मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला एक गजरा स्वतःहून आणला नव्हता.

शेजारच्या वहिनी बघायला आल्या. “नशीब काढलंत हो. आमच्याकडे पाण्याचा पेला मागितला तर पेला कुठे असतो ते विचारतात.” सोसायटीत यांचं कौतुक झालं. मी हात झोळीत घालून खुर्चीवर बसायचे, हे पोळ्या विकत आणायचे, भाजी करायचे, मी कंबरेच्या उंचीवरून मीठ घ्यायचे आणि चव बघायचे. खोटं कशाला सांगू, सुख होतं. बायकांना असं सुख फार उशिरा मिळतं आणि ते सोडवत नाही.

व्यायाम मी करत होते. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवत न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण करायची. केतकीने तसं सांगितलं होतं. पूर्वी आम्ही त्याच भिंतीवर मुलीची उंची मापायचो. सुरुवातीला खुणा भराभर चढल्या. मग एका जागी दाट झाल्या. मग एक दिवस बोटं खालच्या खुणेपाशीच थांबली.

मी पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. जणू वरून कुणी हात दाबून धरला होता. मग मी एक केलं. टाचा उचलल्या, चवड्यांवर उभी राहिले आणि कालच्या खुणेवर आजची खूण केली. पुढचे बरेच दिवस तेच केलं. दुसऱ्या कुणाला फसवायचं नव्हतं मला, मला स्वतःलाच ते बघायचं नव्हतं.

रात्री डाव्या कुशीवर वळता यायचं नाही. उजवीवर पडून पडून तोही खांदा अवघडायचा, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. डावा पुन्हा बांधला जात होता. आत, हळूहळू, काही आवाज न करता. मला ते कळत होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हते.

केतकी घरी येते

क्लिनिकमध्ये केतकीने हात उचलून पाहिला. टोमणासुद्धा मारला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. नुसतं म्हणाली, “काकू, उद्या मी कर्वेनगरला येणारे, तुमच्याकडे डोकावून जाते.”

आली. चहा दिला. ती माझ्या हाताकडे बघेचना. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घर बघत होती.

“काकू, घरात लहान मूल आहे का?”

“नाही गं. का?”

“नाही, सगळं एवढं खाली आहे म्हणून विचारलं.”

हे अभिमानाने पुढे आले. “मी केलं ना. तिले त्रास नको म्हणून.”

“सुंदर केलंय काका. फिनिशिंग छान आहे.” तिने मिठाच्या बरणीवर बोट ठेवलं. “फक्त आता या घरात हात वर न्यायचं एकही कारण उरलेलं नाही. दिवसातून तीनदा काकू भिंतीशी हात वर नेतात, आणि बाकीचा सगळा दिवस तुमचं घर तो खाली आणतं.”

कपातला चहा तिने संपवला नाही. जाताना दारात मला म्हणाली, “डॉक्टर दुसऱ्यांदा मोकळा करतील की नाही, मला नाही माहीत. केला तरी पहिल्यासारखा होईलच असं नाही.”

मी त्या खालच्या फळीकडे बघत होते आणि मला ती कुठेतरी आधी पाहिल्यासारखी वाटत होती.

शिंकं

आमच्या माहेरच्या घरात दिव्याचा कोनाडा माझ्या आईच्या कंबरेशी होता. खुंट्या खाली होत्या. दह्या-लोण्याचं शिंकं तर इतकं खाली टांगलेलं की आम्ही भावंडं उडीसुद्धा न मारता लोणी खायचो. गावातल्या पोरांना आमचा हेवा वाटायचा. मांजर यायचं तेही आमच्याकडेच. आम्हाला वाटायचं, आपली आई मोठ्या मनाची.

आई केस विंचरताना कंगवा डोक्याकडे न्यायची नाही, डोकं कंगव्याकडे न्यायची. मान पार गुडघ्यापर्यंत वाकवून. आम्हाला ती तिची लकब वाटायची. आणि लांब पोळी मला आईनेच शिकवली हे मी सगळ्यांना सांगत आले होते. पण त्या दिवशी खुर्चीवर बसून आठवायला गेले तर आईच्या हातावर पोळी दिसेचना. आवाज तेवढा आठवला. ती चुलीशी बसून सांगायची, “अजून वर घे, बाई. अजून वर. सोडू नको.” ती तोंडाने सांगायची आणि मी करायचे. तिच्या हातावर लांबलेली पोळी मी आयुष्यात पाहिलेलीच नाही.

बाबांनी सगळं खाली आणलं होतं. एकेक करून, प्रेमाने, कुणाला न सांगता. पहिल्यांदा कोनाडा असेल, मग खुंट्या, मग शिंकं. आईचे हात गेले आणि घरात कुणाला कळलं नाही, कारण घर त्या हातांच्या मागोमाग खाली येत गेलं. आजार म्हणून कुणी नावच दिलं नाही त्याला. आणि मी डॉक्टरांना ठामपणे सांगून आले होते, आमच्याकडे कुणाला नाही.



वर

“अहो, सगळं पहिल्यासारखं वर लावा.”

“दुखते ना तुले.”

“दुखू द्या.”

“तुले दुखावं म्हणून मी माझ्या हातानं फळी वर लावू? मी काय वैरी आहो तुझा?”

“वैऱ्यानं खाली आणली असती तर मी कधीच उचकटून फेकली असती,” मी म्हणाले. “तुम्ही आणली, म्हणून मी बसून राहिली.”

यांनी जेवताना आपलं आपण वाढून घेतलं, ताट धुतलं, वर्तमानपत्र उघडून एकाच पानावर बसले. आमच्यात एवढा अबोला मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिलचा आवाज आला. फळी पहिल्यापेक्षा वीतभर उंच लागली होती. देवघर भिंतीवर, दांड्या छताशी. सर्वांत वर, माझ्या डाव्या बाजूला, मीठ.

त्या दिवशी वरणात मीठ घालायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वरण गार झालं. खांद्यात आतून काहीतरी फाटतंय असं वाटायचं. मी ओरडायचे, रडायचे, बरणीला शिव्या द्यायचे. हे गॅलरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. एकदा मी पाहिलं, कठडा त्यांनी दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मदतीला धावून येणं सोपं असतं. न येण्याचं काम त्यांनी केलं.

वहिनींना ओरडणं ऐकू जायचंच. कौतुक आटलं. “बायको अशी असताना मीठ माळ्यावर ठेवणारा माणूस पहिल्यांदाच बघितला,” असं जिन्यात कुणीतरी म्हणालं, हे ऐकतील एवढ्या मोठ्याने. यांनी ते ऐकलं आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले.

भिंतीवरची खूण मात्र सरकली. टाचा टेकवून. पुढे ती मुलीच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या उंचीला लागली, मग तिच्याही वर गेली. केतकीने एक दिवस हात कानाला लावून पाहिला आणि म्हणाली, “हं. बरं आहे.” पुणेरी माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे सत्कारच.

पहिली पोळी

मग गाळा उघडायचं ठरलं. गिऱ्हाइकांना बोलावलं नाही, आम्ही दोघंच. यांनी शेगडी पेटवून मडकं उपडं घातलं. मी कणीक आपटून तार काढली. गोळा हातांवर घेतला. हात वर नेले. अजून वर. कणीक ओघळायला लागली, या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपराकडे. डावा हात चालला होता! मला मोठ्याने हसू आलं.

मडक्यावर टाकली तेव्हा पोळी तिरकी पडली. एक बाजू मडक्याच्या काठावरून लोंबत खाली गेली आणि शेगडीच्या आचेला जळाली.

“असू दे,” हे म्हणाले. “डावा अजून थोडा खाली जाते. येईल वर.”

दुसरी घेतली. तीही तिरकी. मी मडक्याकडे बघत राहिले. पोळी उजवीकडे लोंबत होती.

मी हात तसेच हवेत धरले आणि बघितलं. डावा कानाशी होता. उजवा, जो कधी दुखला नाही, ज्याने इतके महिने सगळं ओढलं, तो खांद्याच्या खाली आला होता. मी वर न्यायचा प्रयत्न केला. खांदा गळ्याकडे उचलला गेला. हात तिथेच राहिला.

“भरून आलाय,” असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं.

आम्ही त्या दोन्ही पोळ्या खाल्ल्या. जळक्या बाजूसकट. दोघंही गप्प होतो, पण ते गप्प होणं माझ्या गिऱ्हाइकांचं नव्हतं.

घरी आलो. मी पाय धुऊन बाहेर आले तर हे स्वयंपाकघरात फळीखाली उभे. हातात स्क्रूड्रायव्हर.

“फक्त मीठ,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “तेवढं एक मीठ खाली घेतो. बाकी राहू दे वरच.”

स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत बसत नव्हतं. मला त्या माणसाची इतकी दया आली, आणि माझ्या बाबांची. आणि आईची, जिच्यासाठी काही खाली आणायला कुणी कधी नाही म्हटलं नाही.

“हात लावू नका,” मी म्हणाले. “पेन्सिल आणा.”

मी भिंतीपाशी उभी राहिले, उजव्या बाजूने. जुन्या खुणांच्या शेजारी भिंत कोरी होती. बोटं टेकवली आणि चढवत नेली. दुखायला लागलं तिथे थांबले नाही. त्याच्यापुढे जिथे जाईना तिथे थांबले. माझ्या नकळत शरीर चवड्यांवर उचललं जात होतं.

“टाचा टेकव,” मागून हे म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. तेव्हापासून.

मी टाचा टेकवल्या. बोटं तेवढी खाली घसरली. तिथे त्यांनी रेघ मारली. डाव्या हाताच्या अगदी पहिल्या रेघेपेक्षा ती बोटभरच वर आहे.

डाव्याच्या वेळी मी ब्लाउज बदलले, केस कापले, वर्ष घालवलं. या वेळी उद्या सकाळीच केतकीकडे जाते आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि मला भीती वाटते आहे, हे लपवत नाही.

मीठ वरच आहे.